लेखी प्रश्नातून खात्याला उत्तरदायी कसे ठरवावे : गोवा विधानसभेच्या संदर्भात एक मार्गदर्शक

पर्वरीच्या विधानसभा संकुलात अधिवेशन सुरू झाले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत प्रश्नोत्तराच्या तासातील खडाजंगी ठळक मथळ्यांनी छापून येते. त्याच दिवशी कितीतरी लेखी उत्तरे तक्ते आणि परिशिष्टे जोडून सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, आणि त्यांची दखल फारच थोडे लोक घेतात. माझ्या मते खात्याचा खरा हिशेब या दुर्लक्षित कागदांतच सापडतो. आमदार हे साधन कसे वापरतात, कसे वापरावे, आणि सामान्य मतदाराला त्यात कोणता वाटा उचलता येतो, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून नाही. राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, आणि प्रश्न ही त्या जबाबदारीची रोजची वसुली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात कायदे मंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली आणि पुरवणी प्रश्न विचारण्याची सोय १९०९ मध्ये झाली. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक होऊन ३० सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली, तेव्हा कुठे येथील लोकप्रतिनिधींना सरकारला जाब विचारण्याचा हक्क लाभला. १९८७ मध्ये घटकराज्य झाल्यावर सदस्यसंख्या ४० झाली. इतक्या उशिरा हाती आलेले हे साधन आपण पूर्ण ताकदीने वापरले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : तारांकित की अतारांकित, हे ठरवावे

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते आणि त्यावर उपप्रश्न नसतो. यावरून अतारांकित प्रश्न दुय्यम असल्याचा समज होतो, तो चुकीचा आहे. धोरणाविषयी मंत्र्यांना जागेवर बांधून घ्यायचे असेल तेव्हा तारांकित प्रश्न उपयोगी पडतो. मात्र तीन वर्षांची कामे, निविदांच्या रकमा आणि कंत्राटदारांची नावे यांचा तक्ता हवा असेल, तर तो अतारांकित प्रश्नातूनच शांतपणे आणि सविस्तर मिळतो. प्रश्नोत्तराचा तास ठरावीक वेळी संपतो, त्यामुळे यादीत खाली असलेल्या तारांकित प्रश्नांची पाळी पुष्कळदा येतच नाही आणि त्यांची उत्तरेही शेवटी लेखी स्वरूपातच पटलावर जातात. अनुभवी आमदार एकाच विषयावर आधी अतारांकित प्रश्नातून आकडे मिळवतात आणि पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यांवर तारांकित प्रश्न उभा करतात.

दुसरी पायरी : प्रश्न योग्य दारी न्यावा

एखादा रस्ता डांबरीकरणानंतर वर्षभरातच खणला गेला, हे उदाहरण घेऊ. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल, पण चर खणला असेल भूमिगत वीजवाहिनीसाठी किंवा मलनिस्सारण वाहिनीसाठी. गावातील आतला रस्ता असेल तर तो पंचायतीच्या ताब्यात असण्याचीही शक्यता आहे. चुकीच्या खात्याकडे गेलेल्या प्रश्नाला ‘सदर बाब या खात्याशी संबंधित नाही’ एवढेच उत्तर येते आणि एक अधिवेशन वाया जाते. म्हणून आधी रस्त्याची मालकी आणि खणण्याची परवानगी कोणाची, हे शोधून काढावे.

राज्य आणि केंद्र यांचीही सीमा पाहावी लागते. मुरगाव बंदर किंवा कोकण रेल्वे यांच्या कारभाराविषयी पर्वरीत विचारलेला प्रश्न साहजिकच अडखळतो, कारण ते विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आहेत. तेथे गोव्याचे लोकसभेतील २ आणि राज्यसभेतील १ अशा ३ खासदारांपैकी कोणाकडे तरी जावे. लोकसभेत त्यासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि एका दिवशी तारांकितांच्या यादीत २०, तर अतारांकितांच्या यादीत २३० प्रश्नच घेतले जातात.

तिसरी पायरी : आधी उपलब्ध कागद वाचावेत

जे आधीच जाहीर आहे ते पुन्हा विचारण्यात संधी दवडू नये. विधानसभेच्या संकेतस्थळावर मागील अधिवेशनांची प्रश्नोत्तरे पाहता येतात, त्यांत आपल्या विषयाचा शोध घ्यावा. अर्थसंकल्पातील संबंधित खात्याची मागणी (म्हणजे त्याच्या खर्चासाठी मागितलेली रक्कम), भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे विधानसभेत मांडलेले अहवाल, निविदेची जाहिरात, हे सारे वाचून झाल्यावर नेमकी कोणती कडी हरवली आहे ते कळते. ती कडीच प्रश्नाचा विषय असावी. माहिती अधिकाराचाही येथे उपयोग होतो. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, देशव्यापी कायदा २००५ साली आला. अर्जाद्वारे कागदाची प्रत मिळते, पण अर्जावरील उत्तर माहिती अधिकारी देतो. विधानसभेतील उत्तराखाली मंत्र्यांची जबाबदारी असते, हा फरक फार मोठा आहे.

चौथी पायरी : मसुदा

सगळे यशापयश येथे ठरते, म्हणून या पायरीवर थोडे अधिक थांबतो.

आमच्या गावातील रस्त्याविषयी मी प्रथम एका आमदारांना मसुदा लिहून दिला होता, तेव्हा त्याची सुरुवात ‘रस्त्याची दुर्दशा झाली आहे, हे खरे आहे काय’ अशी केली होती. पुढील तिन्ही भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होत होते. उत्तर आले : पहिल्या भागाला ‘नाही’, आणि उरलेल्या तिन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. चार ओळींत विषय संपला. त्या उत्तरात खोटे असे काही नव्हते, कारण ‘दुर्दशा’ या शब्दाला मोजमाप नाही, आणि मीच माझ्या प्रश्नाचे सारे वजन त्या एका शब्दावर टाकले होते. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. प्रश्नाचा कोणताही भाग आधीच्या भागाच्या होकारावर लटकवायचा नाही, आणि ज्याचे उत्तर तारीख, रक्कम, लांबी, संख्या किंवा पदनाम यांत देता येणार नाही, असा शब्द वापरायचा नाही.

त्याच विषयाचा सुधारलेला मसुदा असा होईल :

सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील माहिती देतील काय :

(अ) १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक मतदारसंघात डांबरीकरण केलेल्या प्रत्येक रस्त्याचे नाव, लांबी, अंदाजित खर्च, निविदेची मंजूर रक्कम, कंत्राटदाराचे नाव, कार्यादेशाची तारीख व काम पूर्ण झाल्याची तारीख;

(ब) त्यांपैकी प्रत्येक कामाचा दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेस संपतो;

(क) हे रस्ते खणण्यास कोणत्या खात्याला किंवा संस्थेला, कोणत्या तारखेस, किती लांबीसाठी परवानगी दिली, आणि ते पूर्ववत करण्यापोटी किती रक्कम जमा करून घेतली;

(ड) खणलेला भाग पूर्ववत केल्याची तारीख आणि त्या कामाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम.

या मसुद्यात तक्रारीचा एकही शब्द नाही. तरीही (ब) या भागाकडे नीट पाहावे. दोष दायित्व कालावधी म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतरची ती मुदत, जिच्यात कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करायचे असतात. ती तारीख एकदा लेखी उत्तरात आली की त्या मुदतीत सरकारी पैशाने बुजवलेला प्रत्येक खड्डा हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. काळाची मर्यादाही नेमकी घालावी. ‘गेल्या काही वर्षांत’ असे लिहिल्यास खाते स्वतःला सोयीची वर्षे निवडते, आणि ‘स्थापनेपासून आजपर्यंत’ असे लिहिल्यास माहिती गोळा करण्याचे काम प्रचंड असल्याचे कारण पुढे येते. तीन ते पाच आर्थिक वर्षे हा टप्पा व्यवहार्य वाटतो.

मसुदा सभापतींच्या कसोटीला उतरावा लागतो. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा बदनामीकारक मजकूर चालत नाही. न्यायप्रविष्ट बाब, निव्वळ मत मागणारा किंवा काल्पनिक परिस्थितीवर आधारलेला प्रश्न, अलीकडेच उत्तर मिळालेल्या प्रश्नाची पुनरुक्ती, हेही नाकारले जाते. नियमांचे पुस्तक कंटाळवाणे वाटले तरी ते वाचल्याशिवाय कोणीही मसुद्याला हात घालू नये. १९५५ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह करून पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगलेले मधू लिमये पुढे लोकसभेत नियमांवरील आपल्या पकडीसाठी ओळखले गेले, आणि त्यांच्या प्रश्नांना जी धार होती ती या अभ्यासातून आलेली होती.

पाचवी पायरी : मुदत सांभाळावी

कामकाजाच्या दिवसांची खात्यांनुसार वाटणी केलेली असते आणि प्रत्येक दिवसासाठी नोटीस देण्याची अंतिम तारीख विधिमंडळ सचिवालय आधी कळवते. गोव्यात बैठकांचे दिवस मोजकेच असतात. ती तारीख हुकली की पुढील अधिवेशनापर्यंत थांबावे लागते. मतदाराने आपली माहिती आमदारांच्या कार्यालयात अधिवेशनाची घोषणा होण्यापूर्वीच, कागदपत्रांच्या प्रतींसह आणि शक्य तर एकाच पानावर पोहोचवावी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना आपले सदस्यत्व गमवावे लागले, त्यांपैकी १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा होता. प्रश्न विकत घेतला गेला की तो प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचे हत्यार बनतो. माहिती पुरवणाऱ्याचा त्या विषयात आर्थिक हितसंबंध असेल तर त्याने तो आमदारांना आधीच सांगावा, आणि आमदारांनीही तो विचारून घ्यावा.

सहावी पायरी : उत्तराचे वाचन

प्रश्न स्वीकारला गेला की तो खात्याकडे आणि तेथून विभागीय कार्यालयांकडे जातो. कार्यकारी अभियंत्याला धारिका उघडावी लागते, कधी जागेची पाहणी करावी लागते, मग एकत्रित उत्तर मंत्र्यांच्या मान्यतेसाठी वर चढते. पुष्कळ वेळा रखडलेले काम या प्रवासातच हलते, कारण ‘काम अपूर्ण आहे’ असे लेखी देणे कोणालाच नको असते.

आलेले उत्तर प्रश्नाशेजारी ठेवून भागशः तपासावे. विचारलेल्या सात रकान्यांपैकी पाचच भरले असतील, तर गाळलेले दोन सर्वांत महत्त्वाचे समजावेत. कामे पूर्ण झाल्याच्या तारखा आर्थिक वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात एकवटलेल्या दिसल्या तर देयके कधी अदा झाली हे पुढच्या वेळी विचारावे. अंदाजित खर्च आणि निविदेची रक्कम यांतील तफावत, एकाच कंत्राटदाराकडे गेलेली कामे, परवानगीशिवाय खणलेले रस्ते, हे सर्व तक्ता शांतपणे वाचणाऱ्याला दिसते. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘लवकरच कार्यवाही करण्यात येईल’ ही वाक्ये मात्र लाल पेन्सिलीने अधोरेखित करावीत, कारण त्यांतील काही आश्वासने ठरतात. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधानसभेची आश्वासन समिती असते. लोकसभेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेसाठी ३ महिन्यांची मुदत मानली जाते.

उत्तर अपुरे असेल तर त्या उत्तरावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देता येते, अर्थसंकल्पात त्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे ती रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, मांडता येतो. उत्तर हेतुपुरस्सर खोटे असल्याचा पुरावा हाती असेल तरच विशेषाधिकार भंगाचा, म्हणजे सभागृहाच्या हक्कांचा अवमान झाल्याच्या तक्रारीचा, मार्ग धरावा, अनवधानाने झालेली चूक मंत्र्यांना सभागृहात दुरुस्त करता येते.

एका प्रश्नाचा धागा किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण १९५७ चे आहे. नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या ६ कंपन्यांचे सुमारे १.२४ कोटी रुपयांचे समभाग का घेतले, हा विषय लोकसभेत आधी प्रश्नाच्या रूपाने आला. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही. फिरोझ गांधी यांनी सत्ताधारी पक्षात असूनही तो चर्चेत लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमली गेली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

सातवी पायरी : पुढचा प्रश्न

प्रत्येक उत्तराची प्रत प्रश्न क्रमांक, तारीख आणि परिशिष्टासह जपून ठेवावी आणि ती घेऊन प्रत्यक्ष रस्त्यावर जावे. परिशिष्टात ‘पूर्ववत केला’ अशी नोंद असलेला चर अजून उघडा असेल तर तारखेसह छायाचित्र घ्यावे. पंचायतीच्या सदस्याला किंवा शेजाऱ्याला सोबत नेल्यास साक्षही राहते. मग पुढील अधिवेशनासाठी मसुद्याचा पहिला भाग असा लिहावा : ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरातील परिशिष्टात, अनुक्रमांक ४ येथील रस्ता पूर्ववत केल्याची नोंद आहे; त्या कामाचे मोजमाप कोणत्या तारखेस घेतले, ते कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने प्रमाणित केले, आणि त्यापोटी किती रक्कम अदा करण्यात आली.’