दुसऱ्या-तिसऱ्या विमानवाहू नौकेसाठी नौदल तळाची आखणी: खोली, धक्का, गोदी आणि क्रम

विमानवाहू नौका बांधायला जितकी वर्षे लागतात, जवळपास तितकीच वर्षे तिला जागा करून द्यायला लागतात. मुंबईच्या नौदल गोदीतल्या मोठ्या सुक्या गोदीचे (पाणी काढून नौकेचा तळ उघडा करता येतो अशा गोदीचे) काम २०१० मध्ये सुरू झाले आणि ती २८ सप्टेंबर २०१९ रोजी खुली झाली. कारवारच्या ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी १९८६ सालची, आणि आयएनएस कदंब तळ कार्यान्वित झाला २००५ मध्ये. विक्रमादित्य २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये नौदलात आली, विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी. पुढच्या नौकेचा आराखडा मंजूर होईल त्याच दिवशी तळाच्या कामाचा पहिला कागदही हलायला हवा. खालचा क्रम प्रत्यक्ष नियोजनाचा आहे. आकडे ढोबळ असले तरी काम सुरू करायला पुरेसे आहेत.

आधी नौकांचे कॅलेंडर मांडा

तीन नौका असल्या की सर्वसाधारणपणे एक समुद्रावर, एक सरावात किंवा तयारीत आणि एक दुरुस्तीत असते. त्यावरून ‘एकच धक्का पुरे’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिथेच घोळ होतो. दुरुस्ती लांबते, सरावाची नौका बिघाड घेऊन परतते, समुद्रावरची सुटीसाठी येते. दोन नौका एकाच आठवड्यात तळावर असणे नेहमीचेच, आणि तिन्ही असण्याचे दिवसही येतात. पुढच्या दहा वर्षांचा महिनावार तक्ता करा. प्रत्येक दुरुस्तीच्या मुदतीत निदान एक तृतीयांश वाढ धरा आणि मग धक्के मोजा. तीन नौकांसाठी दोन पूर्ण सोयीचे धक्के आणि तिसरा निदान बांधून ठेवण्याजोगा, याहून कमी जागेत सुरक्षित वेळापत्रक बसत नाही.

खोली: बेरीज करा, अंदाज नको

विक्रमादित्यचा ड्राफ्ट (नौकेचा पाण्याखाली बुडलेला भाग) सुमारे १०.२ मीटर, विक्रांतचा ८.४. मोठ्या आकड्यावर काम करा. त्यात एकेक भर घालत जा:

- वेगामुळे नौका खाली बसते, ते बसणे. उघड्या पाण्यात ढोबळ सूत्र म्हणजे ब्लॉक गुणांक (पाण्याखालचे अंग किती चौकोनी आहे त्याचे माप) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग भागिले १००. गुणांक ०.६ आणि वेग ८ नॉट धरला तर ०.३८ मीटर. १० नॉटला ते ०.६ होते. अरुंद खोदलेल्या मार्गात याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते.
- वळताना किंवा वाऱ्याने येणारा कल. पाण्याच्या रेषेवर रुंदी सुमारे ३१ मीटर धरली तर २ अंशांच्या कलाने एक बाजू ०.५४ मीटरने खाली जाते.
- पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी मिसळून घनता कमी होते. पूर्ण गोड्या पाण्यात ड्राफ्ट अडीच टक्के, म्हणजे पाव मीटर वाढतो. खाडीच्या तोंडाशी यातला काही भाग धरा.
- लाटेवरची उचल-आपट, तळाशी किमान मोकळी जागा, आणि दोन गाळ-उपशांच्या दरम्यान साचणारा गाळ. प्रत्येकी अर्धा ते पाऊण मीटर.

ही बेरीज १३ मीटरच्या आसपास जाते. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक ५ मीटरच्या घरात असतो, त्यामुळे ‘भरतीला आत घेऊ’ असे म्हणता येते. पण युद्धकाळात नौकेला भरतीची वाट पाहावी लागणार असेल तर तळाचा अर्धा उपयोग गेला. कारवारला आणि कोचीला फरक बराच लहान, तिथे भरतीवर विसंबताच येत नाही. शक्य तिथे ओहोटीच्या पातळीवर खोली राखा. न जमल्यास दिवसात किती तास मार्ग बंद राहील तो आकडा आराखड्यात स्पष्ट लिहा.

मुंबईचा गाळ पातळ, पिठाळ असतो. २०० किलोहर्ट्झचा प्रतिध्वनी-मापक त्याचा वरचा थर दाखवतो, ३३ किलोहर्ट्झचा खालचा घट्ट तळ दाखवतो, आणि दोन्हीत कधी मीटरभर फरक पडतो. खोली कोणत्या वारंवारतेने मोजली हे नकाशावर लिहिले नाही तर ठेकेदार एक आकडा धरतो, हार्बर मास्टर दुसरा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पूर्ण सर्वेक्षण करा, उपसा त्यानंतर लगेच. धक्क्याला लागून असलेला खड्डा मार्गापेक्षाही खोल ठेवा. नौका बांधलेली असतानाही समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी आत खेचत असते, आणि तळाशी जागा कमी पडली की गाळ व जेलीफिश थेट गाळण्यांत जातात.

धक्का: वारा हाच खरा भार

या नौकांच्या बाबतीत वजनापेक्षा वाऱ्याला अडणारे अंग जास्त त्रास देते. २८४ मीटर लांबी आणि पाण्यावरची उंची धरून बाजूचे क्षेत्रफळ ६,५०० चौरस मीटर घेतले, तर सेकंदाला १० मीटर वाऱ्यात सुमारे ४० टन ढकल बसते, २० मीटरला १६०, ३० मीटरला ३५० टनांहून जास्त. वारा तिप्पट झाला की ढकल नऊपट. सेकंदाला ३० मीटर म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईने त्या दर्जाचे झोत पाहिले आहेत. वादळापूर्वी नौका समुद्रात काढणे हा रिवाज. पण यंत्रे उघडलेली नौका निघू शकत नाही, म्हणून दुरुस्तीच्या धक्क्यावरचे बोलार्ड (नौकेचे दोर बांधायचे खुंट) वादळासाठीच बसवा: १५० टनी, आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या, व मागच्या टोकाचे धक्क्याच्या कडेपासून मागे, म्हणजे दोरांना उतार कमी मिळतो. बोलार्डचा आकडा चांगला आणि खालच्या काँक्रीटमधले बोल्ट जुने, हा दोष तपासणीत सर्वाधिक सापडतो. ओढ-चाचणी दस्तावेजासह घ्या.

टग (नौका ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) चार हवेत, निदान दोन ५० टनांहून जास्त ओढीचे. धक्क्याला लागताना वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. ४५,००० टनांच्या नौकेची गतिज ऊर्जा त्या वेगाला सुमारे २२५ किलोजूल असते, १५ सेंटिमीटरला ती ५०० च्या वर जाते. त्यात नौकेबरोबर सरकणाऱ्या पाण्याचे वस्तुमान वेगळे. फेंडर (नौकेचे आदळणे झेलणाऱ्या गाद्या) निवडताना हे धरा.

दुसरी अडचण नवख्या आराखड्यांत हमखास राहते. फ्लाइट डेक सुमारे ६० मीटर रुंद आणि पाण्यालगतचे अंग त्याच्या निम्मे, म्हणजे डेकची कड धक्क्याच्या वर येते. नौका आणि धक्का यांच्यामध्ये तरंगता पीपा घालून अंतर ठेवा. क्रेनचे रूळ, दिव्यांचे खांब आणि पाण्याचे नळ कडेपासून मागे न्या. आयलंड (डेकवरचा मनोरा) उजव्या बाजूला आणि तिरका डेक डावीकडे बाहेर येणारा असल्यामुळे सहसा उजवी बाजू धक्क्याला लावतात. विक्रांतच्या दोन्ही विमान-लिफ्ट त्याच बाजूच्या कडेला आहेत, तेव्हा क्रेन आणि चढ-उताराच्या शिड्यांची जागा त्यांची हालचाल पाहून ठरवा.

वीज, पाणी, सांडपाणी

विक्रमादित्यची वीजनिर्मितीची क्षमता १८ मेगावॅट. बंदरात यातला काहीच भाग लागतो, पण तोही लहान नाही. समजा ४ मेगावॅट द्यायचे आहेत. ४१५ व्होल्टला आणि ०.८ पॉवर फॅक्टरला सुमारे ७,००० अँपिअर होतात, म्हणजे ४०० अँपिअरच्या १७-१८ केबलींचे जुडगे. हेच ६.६ किलोव्होल्टला दिले तर ४४० अँपिअरच्या आत काम भागते. म्हणून धक्क्यावर उच्च दाब आणा आणि ट्रान्सफॉर्मर जवळ ठेवा. नौकेची वारंवारता ५० की ६० हर्ट्झ, ते प्रत्येक नौकेच्या कागदांवरून तपासा. ६० असेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि तो मागवून बसवायला दीड-दोन वर्षे जातात.

गोडे पाणी नौका स्वतः बनवते, विक्रमादित्यवर दिवसाला ४०० टनांपर्यंत. पण बंदराच्या गढूळ, तेलकट पाण्यावर ते संयंत्र चालवत नाहीत, त्यामुळे तेवढी तरतूद किनाऱ्यावरून करा. माणसे १,६०० धरली तर सांडपाणीच दिवसाला २५० घनमीटरच्या आसपास. ते समुद्रात नाही, शुद्धीकरण केंद्रात जायला हवे.

सुकी गोदी

कारवारची जहाज-लिफ्ट १०,००० टन उचलते. विमानवाहू नौका ४५,००० टनांची, त्यामुळे तिला सुक्या गोदीवाचून पर्याय नाही. विराट या आधीच्या विमानवाहू नौकेला मुंबई घर असूनही बुडाच्या कामासाठी कोचीन शिपयार्डची वारी करावी लागे. आज दोन गोदी लक्षात ठेवा. मुंबईची २८१ मीटर लांब, ४५ रुंद, १७ खोल. कोचीन शिपयार्डची जानेवारी २०२४ मध्ये खुली झालेली ३१० मीटर लांब, वर ७५ व खाली ६० मीटर रुंद, १३ मीटर खोल, ड्राफ्टची मर्यादा ९.५ मीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रमादित्यच्या दुरुस्तीचा सुमारे १,२०७ कोटींचा करार कोचीन शिपयार्डशी झाला.

या मापांचा अर्थ असा. मुंबईत डेकची बाहेर आलेली कड गोदीच्या भिंतीवरून पलीकडे जाते, म्हणून भिंतीलगतचे सर्व काही आधी हलवावे लागते. एकूण लांबीही गोदीपेक्षा तीन मीटर जास्त दिसते, पण महत्त्व नौकेच्या बुडाच्या लांबीला. नाळेचा उतार वर लटकतो. कोचीत अडचण ड्राफ्टची. १०.२ वरून ९.५ च्या खाली यायला पाऊण मीटर हलके व्हावे लागते. या आकाराच्या नौकेला दर सेंटिमीटरमागे साधारण ६० टन, म्हणजे ४,५०० टनांच्या आसपास इंधन, पाणी, विमाने आणि दारूगोळा आधीच उतरवायचा.

गोदीत नौका ज्यांवर टेकते त्या ठोकळ्यांचा हिशेब दोनदा करा. ४५,००० टन दोनशे मीटरच्या तळावर टेकले तर प्रत्येक मीटरवर २२५ टन येतात. एका ओळीचे ठोकळे अपुरे, बाजूच्या ओळी लागतात, आणि त्या नौकेच्या आतल्या भक्कम फ्रेमखालीच यायला हव्यात. पाणी काढताना सर्वांत नाजूक क्षण म्हणजे मागचे टोक टेकले आणि पुढचे तरंगते आहे तो. त्या वेळी नौकेची स्थिरता झपाट्याने घटते. म्हणून आत येताना पुढे-मागे झुकाव जवळपास शून्य ठेवा, टाक्या अर्धवट भरलेल्या नकोत. पाणबुडे ठोकळे तपासेपर्यंत पंप थांबलेले असू द्या.

दूरच्या गोदीची किंमत ब्रिटनकडे पाहून कळते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा उजवा शाफ्ट पोर्ट्समथमधून निघताच नादुरुस्त झाला. या नौकांना घेणारी गोदी स्कॉटलंडच्या रोसाइथला, आणि नौका कित्येक महिने कामाबाहेर राहिली.

दारूगोळा आणि विमाने

१४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उडाले. त्या घटनेची आठवण हेच नियोजनाचे मोजमाप धरा. वस्तीपासूनच्या अंतराचे नेहमीचे सूत्र: किलोग्रॅममधल्या स्फोटकांचे घनमूळ गुणिले २२.२ मीटर. ५० टनांना हे ८२० मीटर, १०० टनांना एक किलोमीटरहून जास्त. कुलाबा-फोर्टला लागून असलेल्या गोदीत ते बसत नाही. म्हणून दारूगोळ्याची चढ-उतार वेगळ्या धक्क्यावर किंवा नांगरावर करा, आणि कारवारसारख्या मोकळ्या तळावर ती जागा सुरुवातीपासून राखून ठेवा. नंतर घरे आली की जागा मिळत नाही.

विमाने बंदरात शिरण्याआधीच उडून जातात, त्यामुळे नौदल विमानतळ जवळ हवा. मिग-२९के गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसावर असतात आणि कारवार तिथून हवाई अंतराने ७० किलोमीटरच्या आसपास. शिवाय किनाऱ्यावरची चाचणी-सुविधा, १४ अंशांच्या स्की-जंपसह (उड्डाणाच्या चढासह) आणि उतरते विमान अडवणाऱ्या अरेस्टर तारांसह, तिथेच आहे. नवी विमाने येत असताना, आणि राफेल-एमचा २६ विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाल्यावर, हिशेब फक्त पार्किंगचा राहत नाही. खारे पाणी धुण्याची जागा, इंजिन चालवून पाहण्याचा आडोसा, सिम्युलेटर आणि रात्रीच्या सरावाची वेळ हे सगळे नागरी उड्डाणांबरोबर बसवावे लागते. ती वेळ आधी मागा, विमाने नंतर येतील.

क्रम

वर्ष एक-दोन: सर्वेक्षण, लाटरोधक बंधाऱ्याचे प्रारूप, गाळाची मोजणी. वर्ष तीन ते सहा: बंधारा आणि खोदाई. वर्ष चार ते आठ: धक्का, वीजकेंद्र, पाणी. गोदीची निविदा पहिल्याच वर्षी, कारण ती शेवटी संपते. कुटुंबांची घरे, शाळा आणि रुग्णालय धक्क्याबरोबर बांधा. खलाशी कुटुंबापासून दूर भाड्याच्या खोलीत राहिला की बदलीचे अर्ज वाढतात, आणि अनुभवी इंजिनरूम कर्मचारी तळावर टिकत नाहीत. जागा जिथे संपादित झाली आहे तिथे विस्थापितांची देणी आधी चुकती करा. कारवारमध्ये ती वर्षानुवर्षे न्यायालयांत अडकली.