मीटिंग आणि अपूर्णांक

लेक घरीच शिकते. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेच्या 'ब' स्तराची, म्हणजे पाचवीच्या बरोबरीची तयारी चालू आहे. माझं ऑफिसही घरातच. आधी शाळेसारखं दहा ते एकचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. आठवड्यात त्याचा बोऱ्या वाजला. नेमकी क्लायंटशी बोलत असताना "आई, छेद सारखा कसा करायचा?" म्हणत ही दारात उभी. म्यूट करायचं राहिलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता गणित सकाळी साडेसातलाच, लॅपटॉप उघडायच्या आधी. अपूर्णांक तर पोळीचे तुकडे करूनच समजले. मीटिंगच्या वेळात वाचन, नाहीतर आजीबरोबर मटार सोलणं. अडलेलं ती वहीत लिहून ठेवते, चहाच्या वेळी आम्ही बघतो. दाराच्या कडीला ओढणी बांधलेली असली की हाक मारायची नाही. शुक्रवारी मात्र अजून गोंधळ होतोच.