जुन्या गाडीचं इंजिन बांधताना गॅस्केट कशी बसवावीत

इंजिन बांधून झाल्यावर तेल किंवा पाणी गळू लागलं, की दोष गॅस्केटवर, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात गळती रोखायला घातलेल्या पातळ पॅकिंगवर, जातो. पण बहुतेक गळती नवीन गॅस्केट पाकिटातून काढण्याआधीच ठरलेली असते: जुनं खरवडताना, फेस (गॅस्केट टेकतं तो सपाट पृष्ठभाग) तपासताना, बोल्टच्या भोकांतले आटे साफ करताना. म्हणून नवीन सेट आला तरी बाजूला ठेवा आणि आधी जुनं नीट काढा.

जुनं काढणं

जुन्या इंजिनांच्या हेड (सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) आणि मॅनिफोल्डच्या (हवा आत व धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. त्याचे तंतू फुप्फुसात अडकतात आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो. कोरडं खरवडायचं नाही, वायर ब्रश फिरवायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. साबणाचं पाणी फवारून भिजवा, बारीक कण अडवणारा फिल्टर मास्क लावा (साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही) आणि चुरा ओला असतानाच पिशवीत बंद करा.

ॲल्युमिनियमच्या हेडला पितळी किंवा प्लास्टिकचा स्क्रॅपर वापरा. ग्राइंडरवरच्या खरखरीत पॅडचा मोह टाळा. त्याने फेसला खळगे पडतात, आणि पॅडमधून सुटलेली पूड तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते.

फेस आणि आटे

हेडवर स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवून पाहा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली नसेल, तर ०.१ मिमीची पाती कुठेही आत गेली की हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्यावं. ब्लॉकही (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) तपासा, विशेषतः स्टडच्या (ब्लॉकमध्ये बसवलेल्या, वर नट लागणाऱ्या आटेदार दांड्यांच्या) आजूबाजूला. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिथलं लोखंड किंचित वर ओढलं गेलेलं असतं. उंचवटा लागला तर स्टड काढून भोकाची कड हलकेच कापून घ्या.

मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा आणि भोकं पूर्ण कोरडी करा. खालून बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला जायला जागा नसते, आणि त्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. जुन्या गाडीचा ब्लॉक तडकला तर दुसरा मिळणं कठीणच.

आता नवीन हेड गॅस्केट कोरडंच ठेवून पाहा. सिलिंडरच्या आत त्याची कड डोकावता कामा नये, कारण ती तापून लाल होते आणि मिश्रण वेळेआधी पेटतं. तेलाची वाट मोकळी हवी. पाण्याची काही भोकं ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा लहान दिसतील. ती बहुधा मुद्दाम तशी असतात, पाणी सगळ्या सिलिंडरांना नीट वाटलं जावं म्हणून. मोठी करू नका.

कॉर्क आणि कागद

ऑइल चेंबरचं (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भागाचं) कॉर्क गॅस्केट पडून पडून आक्रसलं असेल तर थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवा, भोकं पुन्हा जुळतात. चेंबरच्या पत्र्याला बोल्टच्या भोकांभोवती पोचे पडलेले असतात. ते लाकडावर ठेवून हातोडीने सपाट करा. पोचे तसेच ठेवून कितीही आवळलं तरी दोन बोल्टांच्या मधून तेल पाझरतच राहतं. कॉर्क किंचित दबलं की थांबा. बाहेर फुगलं म्हणजे ते चिरणार.

कागदी पॅकिंगची जाडी मूळचीच ठेवा. ऑइल पंपच्या झाकणाखाली जाड कागद घातला तर गिअरची फट वाढते आणि तेलाचा दाब घटतो. सिलिकॉन सीलंटचा मोठा थर कुठेच देऊ नका. आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात.

हेड बसवणं

गॅस्केटवर ‘टॉप’ किंवा ‘फ्रंट’ लिहिलेलं असेल तर ते पाळा. सीलंट लावायचं की नाही हे गॅस्केट बनवणाऱ्याच्या सूचनेवर सोडा. आट्यांना तेल मॅन्युअल सांगेल तसं: कोरड्या आट्यांसाठीचा टॉर्क (आवळण्याचा मोजलेला जोर) तेल लावलेल्या आट्यांना दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. क्रम दिलेला नसेल तर मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना, बाहेरच्या दिशेने जा. तीन फेऱ्या करा: एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि मग पूर्ण टॉर्क.

इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड होऊ द्या. गॅस्केटच्या पाकिटावर मनाई नसेल तर त्याच क्रमाने एकेक नट थोडा सैल करून पुन्हा टॉर्कला आणा. सगळे एकदम सैल करू नका. हेड खाली बसलं की टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फटही बदलते, म्हणून ती लगेच तपासा. याच कारणासाठी टॅपेट कव्हरचं कॉर्क फक्त कव्हरला चिकटवा, हेडला नाही, म्हणजे ते न फाटता पुन्हा उघडता येतं.