बोल्टचे आटे गेले? आता तरी या चुका टाळा

"काका, बोल्ट फिरतोय, पण आवळतच नाही."

महिन्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या दुचाकीच्या गॅरेजच्या दारात ऐकू येतं. बहुतेक वेळा तो इंजिनखालचा, ऑइल सोडायचा बोल्ट असतो. आणि बहुतेक वेळा माझ्याकडे येण्याआधी गाडीवर दोन-तीन उपाय करून झालेले असतात. आटे गेलेली गाडी तशीच ढकलत आणली, तर तासाभरात ती दुरुस्त होते. पण मधल्या उपायांनी ते काम आठवड्याचं होतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी नेमकं काय होतं ते समजून घ्या. बोल्ट पोलादी असतो, चेंबर, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं. आवळताना बोल्ट केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने पकड येते. हा ताण सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही. जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या पहिल्या आट्यावर येतो. तो सुटला की भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. हाताला हे आधी कळतं. पाना जड होत होत जातो आणि एका क्षणी मऊ लागतो, लोण्यात फिरल्यासारखा. तिथेच हात थांबला पाहिजे. बोल्ट उलटा फिरवून काढा आणि त्याच्या खाचा बघा. स्प्रिंगसारखी चंदेरी तार गुंडाळलेली दिसली, तर ते तुमच्या चेंबरचे आटे आहेत.

पण थांबत कोणी नाही. "अजून थोडं आवळून बघू" म्हणत उरलेले दोन आटेही घालवतात. आणि मग येते माझ्या सगळ्यात रागाची गोष्ट, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा शंभर सीसीची गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. ऑइल त्याने घरीच बदललं होतं, सतराच्या पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला होता. आटे गेले. कोणीतरी टेप गुंडाळायला सांगितलं. टेपवर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटला, रात्रभर एक थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुण्याहून साताऱ्याला निघाला. खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं, इंजिनाची थरथर चालूच होती, आणि बोल्ट पडला. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल असतं जेमतेम लिटरभर. या गाड्यांना ऑइलचा दिवाही नसतो, त्यामुळे त्याला कळलं ते थेट मागचं चाक लॉक झाल्यावर. मागे ट्रक होता. तो वाचला, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला होता आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग निळं पडलं होतं.

टेप फट भरते, ताण धरत नाही. एपॉक्सीची पुटी, डिंक, बोल्टला गुंडाळलेली तांब्याची तार या सगळ्यांना हेच लागू. धरायला आटेच नसतील तर बोल्ट धरणार कशाला?

दुकानात ओव्हरसाइज बोल्ट मिळतो, स्वतःच आटे कापत जाणारा. मी लावत नाही. पहिल्या वेळी बसतो, पण दर ऑइलला थोडं थोडं ॲल्युमिनियम खातो, आणि वाकडा गेला की वायसर एका बाजूनेच टेकतो.

योग्य उपाय म्हणजे हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलची, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या तारेची कॉइल असते. जुनं भोक थोडं मोठं करायचं, त्यात टॅपने, म्हणजे आटे कापायच्या हत्याराने, नवे आटे पाडायचे आणि कॉइल फिरवून बसवायची. कॉइल भोकापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून आपल्याच ताणाने बसून राहते. मूळ मापाचाच बोल्ट परत लागतो, आणि मऊ ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचे आटे मिळतात. नीट बसवली तर मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते.

'नीट' हीच अडचण आहे. मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आला. क्लच कव्हरच्या सहाच्या (सहा मिलिमीटर जाडीच्या) बोल्टचे आटे गेले होते. व्हिडिओ बघून त्याने हेलिकॉइलचं किट मागवलं, हातातल्या ड्रिलने अंदाजाने भोक पाडलं, ते तिरकं गेलं. तिरक्या भोकात टॅप सरळ घालायला गेला आणि टॅप आत तुटला. मग तुटलेल्या टॅपवर ड्रिल चालवलं. टॅप हायस्पीड स्टीलचा, ड्रिलही त्याचंच. कोण कोणाला कापणार? ड्रिल घसरलं आणि शेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं गेलं. शेवटी इंजिन पूर्ण उघडून रिकामं चेंबर भोसरीला स्पार्क इरोजनवाल्याकडे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे, पाठवलं. एका सहाच्या बोल्टसाठी नऊ दिवस.

मी त्याला रागावलो नाही. भंगारातलं एक चेंबर दिलं आणि दहा भोकं पाडायला बसवलं. सातवं सरळ आलं. स्वतःच्या गाडीवर हात घालण्याआधी हे करा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे. भंगारवाल्याकडे फुटकं कव्हर किलोवर मिळतं.

माझी पद्धत अशी. ड्रिल हळू चालवतो आणि दोन बाजूंनी गुनिया लावून बघतो. टॅप सुरुवातीला दोन बोटांनीच फिरवतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. ॲल्युमिनियमला रॉकेलसारखं दुसरं काही नाही, पण हल्ली ते मिळत नाही म्हणून डिझेल वापरतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतो, कीस त्यात अडकतो. टॅप जड लागला की बाहेर काढून पुसतो, जोर करत नाही. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली ठेवतो. ड्रेनचं, म्हणजे ऑइल सोडायचं, भोक इंजिनात आरपार उघडं असतं, म्हणून कॉइलची शेपटी (बसवताना धरायचं तिचं आतलं वाकडं टोक) आत ठोकून पाडू नका. लांब नाकाच्या पक्कडीने तोडून बाहेर काढा आणि हातात आली का ते बघा. शेवटी वरून अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओतून ड्रेनमधून वाहू देतो. पहिल्या धारेत चमक दिसतेच.

आता छोट्या चुका. सहाच्या कॉइलसाठी साधा सातचा टॅप चालत नाही, किटमधलाच वापरा. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, न मोजता बोल्ट घालू नका, दहाचा बोल्ट 1.25 मिलिमीटर पिचचाही असतो आणि 1.5 चाही. जुन्या, ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या बुलेटवर इंचाचे ब्रिटिश आटे आहेत. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळे आठचा बोल्ट तिथे शिरल्यासारखा वाटतो आणि सगळं घालवतो. गरम इंजिनाचा स्पार्क प्लग काढू नका. प्लगचे आटे गेले असतील तर हेड (प्लग बसतो तो इंजिनाचा वरचा भाग) उतरवूनच काम करा. तिथे मी कॉइलऐवजी लेथवर केलेला भरीव बुश, म्हणजे जाड भिंतीची आटे असलेली नळी, बसवतो.

मुळात आटे जाऊच नयेत म्हणून माझी एक सवय आहे. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा फिरवतो. आटा आट्यावरून उतरताना बोटांना बारीक 'टक' लागतो. तिथून सुलटा फिरवायचा, तीन-चार फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर तो तिरका चढतोय, पाना उचलायचाच नाही. नवा वायसर दर वेळी. सहाच्या बोल्टला 10 न्यूटन-मीटरच्या आसपास, बाराच्या ड्रेन बोल्टला 25 च्या आसपास टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पुरतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर साधा पाना बोल्टच्या डोक्याजवळ धरा, टोकाला नाही.

कॉइल बसवलेली गाडी मी लगेच सोडत नाही. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करतो, ड्रेनभोवती कोरड्या फडक्याने पुसतो आणि खाली पांढरा पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी करतो. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तरच चावी देतो.