कॅम्पर व्हॅनमधील ऊब : हीट पंप की फर्नेस?

गोव्यातून कॅम्पर व्हॅन घेऊन डिसेंबर-जानेवारीत हिमाचलकडे निघणाऱ्यांनी गाडी उबदार ठेवण्याची सोय घरीच करून, एक रात्र चालवून पाहावी.

हीट पंप म्हणजे उलट दिशेने चालणारा एसी. तो उष्णता निर्माण करत नाही, तर बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतो. म्हणूनच हवा फार थंड नसेल तेव्हा एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांइतकी ऊब मिळते. मे महिन्यात हाच पंप गाडी थंड करतो, त्यामुळे गोवेकराने पहिला खर्च यावरच करावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड धरते आणि हळूहळू पात्या झडतात. या पात्या महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, पाण्याचा जोर न लावता, धुवाव्यात.

आंबोली-महाबळेश्वरची थंडी हीट पंपाला झेपते. बाहेर साधारण 5 अंशांखाली पारा गेला की छतावरच्या बहुतेक पंपांच्या कॉइलवर हिम साचते आणि ऊब आटते. शिवाय त्याला दीड हजार वॅटपर्यंत वीज लागते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही पुरत नाही. म्हणून मुक्कामाच्या जागी 16 अँपिअरचा सॉकेट आहे का, हे आधीच विचारावे.

त्याहून कडक थंडीत फर्नेसच, म्हणजे इंधन जाळून ऊब देणारा हीटरच हवा, आणि तो डिझेलवर चालणारा घ्यावा. एलपीजीतला ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, त्यामुळे कडक थंडीत सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मंदावते. 2 किलोवॅटचा डिझेल हीटर तासाला पाव लिटरहून अधिक इंधन घेत नाही, आणि त्याचा पंखा बॅटरीवर रात्रभर चालतो. लडाखमध्ये साधे डिझेल गोठू शकते. तिथे हिवाळी डिझेलच भरावे.

हीटरचा धूर बाहेर नेणारी नळी खिडकीपासून दूर काढावी, बर्फाने बुजली नाही ना हे झोपण्यापूर्वी टॉर्च लावून पाहावे, आणि बिछान्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावाच. या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. हीटर बंद केल्यावरही दहनकक्ष थंड करण्यासाठी पंखा काही मिनिटे फिरत राहतो. तो आपोआप थांबेपर्यंत बॅटरीच्या मुख्य स्विचला हात लावू नये.