लहान पोराला घेऊन लांबचा कार प्रवास: या चुका टाळा, आणि वाटेत बिनसलंच तर हे बघा

दीड-दोन वर्षांच्या पोराला घेऊन सहा-सात तासांचा प्रवास करायचा म्हटलं की खेळणी कुठली घ्यायची, गाणी कुठली डाउनलोड करायची यावर घरात भरपूर चर्चा होते आणि निघायची वेळ मात्र 'आवरलं की निघू' अशी असते. गडबड इथूनच सुरू होते. आपण प्लॅन करतो किलोमीटरवर आणि पोर चालतं झोप, भूक आणि डायपरवर. त्यामुळे आधी त्याच्या झोपेची वेळ बघा, निघणं त्याच्या आसपास ठेवा, मग मॅप उघडा.

आणि मॅप ६ तास दाखवतोय म्हणजे ६ तासांत पोचू हे डोक्यातून काढून टाका, त्यात तुमचा एकही थांबा धरलेला नसतो. दर दीड-दोन तासांनी थांबायचंच, आणि डायपर, खाणं, थोडी पळापळ असं करत अर्धा तास कधी गेला कळत नाही, म्हणून ६ चे सरळ ८ धरा आणि पुढे जे वाट बघतायत त्यांनाही ८ च सांगा, नाहीतर 'कुठपर्यंत आलात' चे फोन सुरू होतात आणि गाडी चालवणारा थांबे गाळायला लागतो. थांबल्यावर पोराला कडेवर घेऊन उभं राहण्यात काही अर्थ नाही, त्याला चालू द्या. हात मात्र सोडायचा नाही, रिव्हर्स घेणाऱ्याला एवढंसं पोर दिसतच नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, ती म्हणजे मांडीवर घेणं. 'रडतोय म्हणून पाचच मिनिटं', 'मी घट्ट धरलंय ना', हे सगळे डायलॉग पाठ आहेत. गणित करून बघा: गाडी ५० च्या स्पीडला आहे आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं पोर साधारण १४० किलोच्या जोराने पुढे खेचलं जातं. कोण धरणार? आपल्याच सीटबेल्टच्या आत पोराला घेणं तर अजून वाईट, कारण आपलं अख्खं वजन त्याच्यावर येतं.

पोरासाठी वेगळी कार सीट घेतलीये म्हणजे झालं असंही नाही, कारण बऱ्याच सीट ढिल्या बसवलेल्या असतात. सीटमधून बेल्ट किंवा आयसोफिक्स (म्हणजे कार सीट गाडीतल्या लोखंडी कड्यांना अडकवायची सोय) जिथून जातं तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत बसवा. मग पोराला बसवून पट्टे ओढा आणि खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर पट्टा ढिला आहे. थंडी म्हणून जाड जॅकेटवरून पट्टे लावले तर ते जॅकेटच्या फुगीरपणावर घट्ट होतात, पोरावर नाही, त्यामुळे जॅकेट काढायचं, पट्टे लावायचे आणि वरून पांघरूण घालायचं. तोंड मागे करून बसवणं निदान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत बसत असेल तर त्यानंतरही चालू ठेवा. 'पाय दुमडतात बिचाऱ्याचे' हे आपल्याला वाटतं, पोरं मस्त मांडी घालून बसतात. फक्त अशी मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीच लावायची नाही.

गाडीत रडायला लागलं की लगेच मोबाइल हातात देणं ही अजून एक. कधीकधी शांत होतं, नाही असं नाही, पण रडण्याचं कारण तसंच राहतं आणि वीस मिनिटांनी दुप्पट आवाजात परत येतं. आधी मानेच्या मागे हात लावून बघा. घाम असेल तर उकडतंय, कारण पुढे एसीने आपण गारठलो तरी मागे तोंड करून बसलेल्या पोरापर्यंत हवा बऱ्याचदा पोचतच नाही. मग पट्टा पिळलाय का, उन्हात तापलेलं बकल टोचतंय का, ऊन थेट डोळ्यांवर येतंय का, डायपर, भूक, झोप, आणि यातलं काहीच नसेल तर कंटाळा. पट्टे सोडायची वेळ आली तर आधी गाडी बाजूला सुरक्षित जागी थांबवायची, चालत्या गाडीत नाही.

उलटीचं वेगळं प्रकरण आहे. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर जास्त दिसतो. आतला कान सांगतो हलतोय आणि स्क्रीनवर खिळलेले डोळे सांगतात स्थिर आहे, त्या भांडणात पोट बिघडतं. एवढं पोर 'मळमळतंय' म्हणत नाही, ते अचानक गप्प होतं, चेहरा पांढरा पडतो, जांभया देतं, लाळ गळायला लागते. 'शांत बसलाय बघ किती' असं म्हणायच्या आधी ही चार लक्षणं बघून घ्या. स्क्रीन बंद, काच थोडी खाली, आणि जमेल तितक्या लवकर थांबा. निघायच्या आधी पोटभर दूध पाजू नका, हलकं खाणं बरं. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि 'जरा झोपेल तरी' म्हणून झोप येणारं औषध देणं तर अजिबातच नको, तशा काही औषधांनी काही मुलं उलट जास्त चिडचिडी आणि चळवळी होतात.

खाण्यात अख्खी द्राक्षं, दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या गाडीत नकोतच. घशात अडकलं तर पोर खोकतच असं नाही, आवाजच बंद होतो आणि पुढे बसलेल्याला काही कळत नाही. म्हणून खाणं थांब्यावर, आणि गाडीत दिलंच तर शेजारी कोणीतरी जागं पाहिजे.

झोपलंय म्हणून बंद गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत येतो' हे कधीच करू नका. उन्हात १० मिनिटांत आतलं तापमान साधारण १० अंशांनी चढू शकतं आणि काच जराशी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

रात्री निघावं का? पोर झोपतं हे खरं, पण झोप चालवणाऱ्यालाही येते. दोन ड्रायव्हर असतील तर विचार करा.

एक कपड्यांचा जोड, वाइप्स, डायपर आणि दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत चार बॅगांच्या खाली नाही. तरी उलटी झालीच आणि सीटचं कव्हर काढायची वेळ आली तर आधी पट्टे कुठून कसे गेलेत त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर लावताना फार डोकं खातं ते. कव्हर धुवायचं ते त्यावरच्या लेबलप्रमाणे, पण पट्टे मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये टाकायचे नाहीत, त्याने त्यांची ताकद कमी होऊ शकते. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसायचे आणि सावलीत वाळवायचे.