घरात रेंज येत नाही? आधी मोजा, मग खर्च करा

फोन आला की बाल्कनीत धावायचं आणि आत वळलं की ‘हॅलो, आवाज येतोय का?’ सुरू. नाशकात हे दुखणं घराघरात आहे, पण कारणं वेगळी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी भिंती रेंज अडवतात. गंगापूर रोडच्या नव्या इमारतीत आरसीसीबरोबर खिडक्यांच्या चकचकीत काचाही जबाबदार असतात. काचेवरचा धातूचा पातळ थर उन्हासारख्याच रेडिओ लहरीही परतवतो. सिडकोत वरच्या मजल्यावर पत्रा टाकलेला असेल तर तोही तेच करतो.

स्क्रीनवरच्या दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या सोयीने दाखवते. खरा आकडा अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंथ इथे मिळतो. तो उणे असतो आणि डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. ४जीवर -८५ च्या आसपास उत्तम, -१०० ला काम भागतं, -११० च्या खाली कॉल तुटायला लागतो आणि -१२० म्हणजे फोन नुसताच टॉवर शोधतोय. वाय-फाय बंद करून गच्ची, हॉल, किचन, आतली खोली असं फिरा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा हलत राहतो. सगळीकडे फोन ४जीवरच आहे ना, हेही बघा. २जीचा आकडा ४जीच्या शेजारी ठेवून काही कळत नाही.

समजा गच्चीवर -८८, हॉलमध्ये -१०१ आणि आतल्या खोलीत -११६ आलं. गच्ची आणि खोलीत २८ चा फरक. दर १० ला शक्ती दहापट घटते, म्हणजे खोलीत पोचेपर्यंत सिग्नल सहाशेपटींहून जास्त कमी झाला. इथे दोष घराचा आहे, कंपनी बदलून फारसं हाती लागणार नाही. गच्चीवरच -११२ असेल तर मात्र टॉवर लांब आहे किंवा मध्ये टेकडी-इमारत आहे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या पाहुण्याला त्याच जागी उभं करून आकडा बघा. फरक दिसला तरच नंबर तोच ठेवून कंपनी बदला: आधी घरातल्या सगळ्यांशी बोला आणि मग १९०० ला PORT हा शब्द व पुढे आपला नंबर टाकून एसएमएस करा. आकडा चांगला, पण संध्याकाळी नेट रांगतंय, तर टॉवरवर गर्दी आहे. कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडावर जे होतं तेच.

फुकटचे उपाय आधी. व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू आहे का पाहा. मागे लोखंडी पट्टी किंवा चुंबक असलेलं कव्हर काढून पुन्हा मोजा. आतल्या खोलीत ५जी बंद करून ४जी ठेवून बघा: ३५०० मेगाहर्ट्झचं ५जी भिंतीपुढे लवकर हात टेकतं, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचं ४जी त्यामानाने आत शिरतं.

घरात ब्रॉडबँड असेल तर खरा इलाज वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल. नेहमीच्याच रिचार्जमध्ये चालतं, वेगळं ॲप लागत नाही. सिमच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. मग एअरप्लेन मोड लावा, त्यातच वाय-फाय पुन्हा चालू करा आणि कॉल लावा. लागला की जमलं. एरवी मात्र फोन मरतुकड्या टॉवरलाच चिकटून बसतो आणि लोक म्हणतात वाय-फाय कॉलिंग बेकार आहे. तसं होत असेल तर घरी एअरप्लेन मोड व वाय-फाय असंच ठेवा. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर नको. मधल्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला लावा. जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ बरं पोचतं. वीज गेली की राउटर बंद आणि रेंजही गायब, म्हणून छोटा डीसी यूपीएस जोडा. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतात, पण सगळे नाहीत.

ब्रॉडबँड नसेल आणि गच्चीवर रेंज असेल, तर बाहेर बसवायचा सिमवाला ४जी राउटर घ्या. त्यातून कॅट-६ केबल खाली आणून घरातल्या वाय-फाय राउटरला जोडा; ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. भिंतीच्या भोकाआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, घरात येणार नाही. भोक आतून बाहेर उतरतं पाडा, मग सिलिकॉन भरा.

ऑनलाइन मिळणारा ‘सिग्नल बूस्टर’ घेऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्याला कारणही आहे. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांना ऐकू लागले की माइक स्पीकरसमोर धरल्यासारखी शिट्टी सुरू होते. ती आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात. सोसायटीत सगळ्यांचेच अचानक तुटायला लागले तर कुणाच्या गच्चीवर असं काही बसलंय का, हे आधी बघा.

गच्चीवरही आकडा वाईट असेल तर १९८ वर तक्रार करा. ‘रेंज नाही’ एवढंच सांगू नका. पत्ता, वेळ, ४जी की ५जी आणि मोजलेले आकडे सांगा, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. तक्रारीचं निवारण झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाताना तोच नंबर मागतात.